तबकडीवरचे नाव आणि तबकडीचा मालक

१/
नागपूरहून बल्लारशाहकडे जाणारी गाडी माजरी जंक्शन सोडते, भांदक मागे पडते आणि ताडाळी येते. माजरी हे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसाखाणींचे गाव. ताडाळीच्या औद्योगिक वसाहतीत कोळशावर चालणारे ६०० मेगावॅटचे वीजकेंद्र आहे. ते धारीवाल इन्फ्रास्ट्रक्चर या कंपनीचे, ही कंपनी कोलकात्याच्या सीईएससीची आणि सीईएससी आर. पी.–संजीव गोएंका समूहाची. याच समूहाकडे आणखी एक जुनी कंपनी आहे. तिचे आजचे नाव सारेगामा. तिला महाराष्ट्राच्या तीन पिढ्या ‘एच. एम. व्ही.’ म्हणून ओळखतात.

२/
म्हणजे ताडाळीच्या विजेचा हिशेब ज्या समूहाच्या वह्यांत लिहिला जातो, त्याच समूहाच्या दुसऱ्या वहीत लता मंगेशकर, सुधीर फडके आणि भीमसेन जोशी यांचे एच. एम. व्ही.साठी मुद्रित झालेले आवाज जमा आहेत. हे विचित्र वाटते, परंतु रेकॉर्ड कंपन्यांच्या इतिहासात असे वारंवार घडले आहे. तबकडीवरचे नाव तेच राहते आणि मालक बदलतो. हा धागा त्या बदलत्या मालकांविषयी आहे. ‘मालकी’ या शब्दाचा अर्थच मधल्या काळात कसा पालटला, हा त्यातील खरा विषय.

३/
आरंभ एका न झालेल्या ध्वनिमुद्रणापासून करावा लागतो. किर्लोस्कर नाटक मंडळीचे भाऊराव कोल्हटकर फेब्रुवारी १९०१ मध्ये निवर्तले. त्यांच्या गळ्याविषयी लिहिले गेले पुष्कळ, पण ऐकण्याजोगे काहीच उरले नाही. त्यानंतर दोन वर्षेही उलटली नव्हती, तोच नोव्हेंबर १९०२ मध्ये लंडनच्या ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात उतरला आणि त्याने गौहर जानचे गाणे मेणावर उतरवून घेतले. मराठी रंगभूमीच्या एका युगाचा आवाज एवढ्या थोडक्या अंतराने निसटला.

४/
कंपनीच्या नावात टाइपरायटर होता, याचे कारण साधे. ग्रामोफोन टिकेल याची खात्री मालकांनाच नव्हती, म्हणून जोडीला टंकलेखन यंत्रांचा धंदा ठेवला होता. १९०७ मध्ये तो शब्द नावातून गळाला. तोवर या कंपनीचे तंत्रज्ञ हिंदुस्थानभर फिरू लागले होते. मुंबईत मुक्काम ठोकून ते नाट्यपदे, भजने, ख्याल मुद्रित करून नेत. नेत कुठे? जर्मनीतील हॅनोव्हरला. गायक मुंबईचा, भाषा मराठी, कंपनी इंग्रजी आणि तबकडी जर्मन कारखान्यात दाबलेली. ती आगबोटीने परत येई आणि मुंबईच्या दुकानात विकली जाई.

५/
या प्रवासाची आणखी एक बाजू वनांशी जोडलेली आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला लोक ‘काळी प्लेट’ म्हणत. ती ज्या द्रव्यामुळे घट्ट बसे ते द्रव्य म्हणजे लाख. पळस, कुसुम, बोर यांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे राळेचे कवच करतात. ते खरवडायचे, धुऊन दाणा करायचा, कापडी पिशवीत भरून विस्तवासमोर वितळवायचा आणि पातळ पत्रे ओढायचे. हा चपडा. दगडाची पूड, काजळी आणि कापसाचे तंतू यांत तो मिसळला की तबकडीचा लगदा तयार होई.

६/
जगाची बहुतांश लाख हिंदुस्थानातून जात असे. छोटा नागपूर तिचे मुख्य क्षेत्र, मिर्झापूर चपड्याची मोठी पेठ, कलकत्ता निर्यातीचे बंदर. मध्य प्रांताच्या जंगलपट्ट्यातही ती गोळा होई. चंद्रपूर–गडचिरोलीच्या रानात पळस आणि कुसुम यांची वाण नाही, हे वेगळे सांगायला नको. लाख वेचणाऱ्याच्या दृष्टीने ती मोह, डिंक, तेंदूपान यांच्या शेजारी बसणारी एक वनउपज होती. ती व्यापाऱ्याकडे गेली की तिचा माग संपे. लंडन-हॅनोव्हरच्या हिशेबात ती कच्च्या मालाच्या एका ओळीत येई.

७/
दुसऱ्या महायुद्धात या ओळीचे महत्त्व एकाएकी कळले. दारूगोळ्याच्या कामासाठी लाख हवी होती आणि हिंदुस्थानातून येणारी जहाजे बेभरवशाची झाली होती. १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठी वापरायच्या लाखेत सुमारे सत्तर टक्के कपात केली. तेथील कंपन्या जुन्या तबकड्या ग्राहकांकडून परत घेऊन दळू लागल्या. गाण्याचा व्यवसाय झाडावरच्या किड्यावर किती अवलंबून आहे, हे त्या वर्षी न्यूयॉर्कला उमजले. विनाइल पुढे रूढ झाले, त्यामागे ही टंचाईही होती.

८/
परत कलकत्त्याला. १९०८ मध्ये सियालदहला ग्रामोफोन कंपनीचा कारखाना सुरू झाला आणि हॅनोव्हरची फेरी संपली. १९२८-२९ च्या सुमारास दमदमला त्याहून मोठा कारखाना उभा राहिला. या काळातील मालकी समजून घ्यायची तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गाण्यावरचा कागदोपत्री हक्क कोणाचा, यापेक्षा दाबयंत्र कोणाचे, हाच प्रश्न निर्णायक होता. हिंदुस्थान, मेगाफोन, सेनोला ही बंगाली मालकांची स्वतंत्र लेबले. तरी त्यांना दमदमच्या दारात जावे लागे. सैगलची ‘हिंदुस्थान’ तबकडी विकत घेणारा ग्राहक स्वदेशी माल घेतल्याच्या समाधानात असे आणि दाबणावळ विलायती कंपनीला मिळे.

९/
आता तो कुत्रा. फ्रान्सिस बॅरो या चित्रकाराने निपर नावाचा कुत्रा मुळात एडिसन पद्धतीच्या फोनोग्राफपुढे रंगवला होता. ग्रामोफोन कंपनीने १८९९ मध्ये चित्र घेतले ते यंत्र बदलून देण्याच्या अटीवर. जुन्या रंगावर नवा रंग चढला आणि फोनोग्राफचा ग्रामोफोन झाला. पुढे या एकाच कुत्र्याला तीन धनी लाभले : ब्रिटन व साम्राज्यात ग्रामोफोन कंपनी, अमेरिकेत व्हिक्टर, जपानात जपानी व्हिक्टर. ‘धन्याचा आवाज’ ओळखणाऱ्या या प्राण्याला नेमका धनी कोणता, असा प्रश्न पडला असता तर नवल नव्हते.

१०/
१९३० च्या दशकातील मुंबईच्या दुकानात एच. एम. व्ही., कोलंबिया, ओडियन अशी निरनिराळी नावे मांडलेली दिसत आणि गिऱ्हाइकाला वाटे, केवढी ही चढाओढ! वस्तुस्थिती निराळी होती. ओडियन हे मूळचे बर्लिनचे लेबल. ते लिंडस्ट्रॉम या जर्मन समूहात गेले आणि तो समूह इंग्रजी कोलंबियाने विकत घेतला. मंदीने दोघेही घायकुतीला आले तेव्हा १९३१ मध्ये इंग्रजी कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी यांचे विलीनीकरण होऊन ईएमआय ही कंपनी जन्मली. एका फळीवर शेजारी उभी असलेली तिन्ही लेबले आता एकाच घरची होती.

११/
याचा स्पष्ट दाखला मिरजेच्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांत मिळतो. त्यांचे १९३० च्या दशकातील प्रसिद्ध मुद्रण ओडियनसाठी झाले. १९३७ मध्ये ते निवर्तले. तेच आवाज पुढे कोलंबियाच्या लेबलखाली विकले गेले. ऐकणाऱ्याला लेबल बदलल्याचे दिसले. मालक मात्र बदललेला नव्हता. संग्राहक अजूनही ‘ओडियनचे खाँसाहेब’ आणि ‘कोलंबियाचे खाँसाहेब’ असा भेद करतात. तो दाबणीच्या दर्जापुरता योग्य आहे. मालकीपुरता त्यात अर्थ नाही.

१२/
या एकछत्री व्यवहाराला मुंबईत एक खरा प्रतिस्पर्धी उभा राहिला. १९३५ मध्ये नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने ‘यंग इंडिया’ हे लेबल काढले. त्याचे नाव गांधीजींच्या साप्ताहिकाची आठवण करून देणारे होते, आणि ते केवळ नाव नव्हते. या कंपनीचा वडाळ्याला स्वतःचा कारखाना होता, म्हणून तिला दमदमच्या दाराशी थांबावे लागत नव्हते. मराठी, गुजराती, हिंदी आणि अन्य भाषांतील गाणी, भाषणे, नाट्यपदे या लेबलवर निघाली. मोठ्या कंपनीने ज्यांना विचारले नसते अशा अनेक कलावंतांना यंग इंडियाने पहिली संधी दिली. १९५५ मध्ये हे लेबल बंद झाले. वीस वर्षे टिकलेल्या या स्वदेशी उद्योगाला आपल्या संगीत-इतिहासात मिळणारी जागा फारच अपुरी आहे.

१३/
विदर्भाचा या कथेशी थेट संबंध येतो तो जी. एन. जोशी यांच्यामुळे. जन्म खामगावचा, शिक्षण नागपूरचे, वकिलीची पदवी. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ त्यांनी गायिली आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी एच. एम. व्ही.ने ती तबकडीवर आणली. मराठी भावगीताचा प्रवाह ज्या मोजक्या तबकड्यांपासून मोजतात, त्यांतील ही एक. कवी मेहकरचा, गायक खामगावचा. बाकी सर्व व्यवहार मुंबई-कलकत्त्याचा. १९३८ मध्ये जोशी याच कंपनीत ध्वनिमुद्रण अधिकारी म्हणून गेले आणि तीन दशकांहून अधिक काळ तेथे राहिले. ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे त्यांचे आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध आहे.

१४/
जोशींसारख्या माणसाचे स्थान चमत्कारिक होते. तो स्वतः कलावंत, परंतु टेबलाच्या पलीकडच्या बाजूस बसलेला. केसरबाई केरकर तबकडीला नाखूश असत. आपले गाणे पानपट्टीच्या दुकानात वाजावे, हे त्यांच्यासारख्या गायिकेला रुचणारे नव्हते. अशांना राजी करणे हे अधिकाऱ्याचे काम. नामवंतांना विक्रीवर रॉयल्टी मागता येई. बाकी बहुतेकांच्या वाट्याला एकरकमी मानधन आणि सही. त्या सहीचा अर्थ पन्नास वर्षांनी काय होणार, हे सही करणाऱ्याला ठाऊक नव्हते. करून घेणाऱ्यालाही पुरते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. (केसरबाईंचे एक गाणे १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण-तबकडीत गेले. व्हॉयेजर-१ सप्टेंबरच्या ५ तारखेला निघाले आणि त्याच महिन्यात केसरबाई वारल्या.)

१५/
मग चांद्याच्या जंगलातला आवाज तबकडीवर आलाच नाही का? मध्य प्रांताचा आवाज आला, पण गाणे म्हणून विकण्यासाठी नव्हे. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाला जोडून सरकारने १९१३ ते १९२९ या काळात हिंदुस्थानातील भाषा-बोलींचे नमुने ग्रामोफोन कंपनीकडून मुद्रित करून घेतले. मध्य प्रांतातील गोंडीसारख्या भाषाही त्यांत आहेत. बहुतेक भाषकांना एकच मजकूर आपापल्या भाषेत सांगायचा होता : बायबलमधील उधळ्या पुत्राची गोष्ट. वडिलांकडून वाटणी घेऊन ती उडवणाऱ्या मुलाची ही कथा शेकडो बोलींत सांगितली गेली, तीही ज्यांच्या वाट्याला स्वतःच्या आवाजाचा हक्क येणार नव्हता अशा माणसांकडून.

१६/
या मुद्रणांचा मालक सरकार होता आणि हेतू अभ्यासाचा. त्यामुळे एक उलटी गोष्ट घडली. बाजारासाठी झालेल्या असंख्य तबकड्या गोदामांत, भंगारात नाहीशा झाल्या; हे नीरस, सरकारी नमुने ग्रंथालयांनी जपले आणि आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही ऐकता येतात. भाषेच्या अभ्यासकांनी ते जरूर ऐकावेत. शंभर वर्षांपूर्वीची मध्य प्रांतातील बोली ऐकण्याचा याहून थेट मार्ग क्वचितच सापडेल.

१७/
१९४६ मध्ये कलकत्त्याच्या व्यवसायाची ‘ग्रामोफोन कंपनी (इंडिया)’ ही वेगळी कंपनी नोंदली गेली. सत्तांतर समोर दिसत असताना केलेली ही तजवीज होती असे मानणे वावगे ठरणार नाही. मालक ईएमआयच राहिली. १९६८ मध्ये ती सार्वजनिक मर्यादित कंपनी झाली. मधल्या वीस वर्षांत लाखेची तबकडी मागे पडू लागली, एलपी आली, ध्वनिफीत आली. आणि येथे मालकीचा अर्थ पालटला. दाबयंत्राचे महत्त्व घटले. ज्याच्या कपाटात मूळ ध्वनिफीत, तो मालक ठरू लागला. मूळ फितीवरून हव्या त्या आकारात, हव्या तितक्या वेळा प्रती काढता येतात.

१८/
‘गीतरामायणा’चा वृत्तांत या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर ते आठवड्याला एक गीत या क्रमाने प्रसारित झाले. छप्पन्न गीते, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. मूळ प्रसारणात गायक-गायिका अनेक होत्या. आज घराघरांत ऐकू येते ते मात्र बव्हंशी एकट्या फडक्यांच्या आवाजातले, एच. एम. व्ही.ने काढलेले. एकच कलाकृती, पण आकाशवाणीची फीत निराळी आणि कंपनीची फीत निराळी. कंपनीची फीत दुकानात गेली, म्हणून तीच लोकांच्या कानांत मूळ ठरली.

१९/
कलावंतांच्या बाजूने पहिला ठळक प्रश्न लता मंगेशकरांनी विचारला. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी गायकांनाही रॉयल्टीचा वाटा हवा अशी भूमिका घेतली. मोहम्मद रफींना ते पटले नाही. मानधन मिळाले की व्यवहार संपला, असे त्यांचे मत. दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे सोडले. लोकांनी या प्रसंगाची गोष्ट रुसव्या-फुगव्याची करून टाकली. वस्तुतः तो भारतीय ध्वनिमुद्रण व्यवसायातील सर्वांत मूलभूत वाद होता : गाणे हे एकदा केलेले काम, की सतत उत्पन्न देणारी मालमत्ता? मालमत्ता असेल तर ती एकट्या कंपनीचीच का?

२०/
गीतकार-संगीतकारांना उत्तर १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मिळाले, तेही प्रतिकूल. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी विरुद्ध ईस्टर्न इंडिया मोशन पिक्चर्स असोसिएशन या खटल्यात निकाल असा की, निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक, विरुद्ध करार नसल्यास, निर्माताच. न्या. कृष्ण अय्यर यांनी निकालाला जोडलेल्या टिपणात कलावंतांचा विचार कायदेमंडळाने करावा असे सुचवले. कायदेमंडळाला त्यासाठी पस्तीस वर्षे लागली.

२१/
एव्हाना स्पर्धक आले होते. १९७० च्या सुमारास सुरू झालेल्या पॉलिडोर ऑफ इंडियाने ‘शोले’च्या संवादांच्या तबकड्या विकून दाखवल्या, गाण्यांऐवजी संवाद विकले जातात हे पाहून जुन्या कंपनीचे धाबे दणाणले असावे. पण खरा तडाखा कॅसेटचा होता. आखाती देशांतून येणाऱ्या टू-इन-वनबरोबर कॅसेट गावागावांत पोहोचली. कॅसेटची प्रत काढायला दमदम लागत नाही, एक खोली पुरते. नकली मालाने बाजार भरला. गुलशन कुमार यांच्या सुपर कॅसेट्सने, म्हणजे टी-सिरीजने, जुनी गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घेऊन स्वस्तात विकली. कॉपीराइट कायद्यातील ‘आवृत्ती-मुद्रणा’ची तरतूद त्यांच्या कामी आली.

२२/
महाराष्ट्रात कॅसेटने जे केले ते एच. एम. व्ही.च्या पन्नास वर्षांत झाले नव्हते. भीमगीते, कोळीगीते, जत्रेची गाणी, शाहिरी यांना छोट्या कंपन्यांनी बाजार मिळवून दिला. पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊस आणि फाउंटन म्युझिक यांनी मराठी श्रोत्यांसाठी मराठी गावात बसून कॅसेट काढल्या. लेबलचा मालक आपल्याच शहरातला, दुकानात जाऊन भेटता येण्याजोगा, हा अनुभव यंग इंडियानंतर पुन्हा येत होता. मात्र या छोट्या कंपन्यांचे करार, फिती, नोंदी यांची अवस्था एका घरातील कपाटावर अवलंबून असे. एक पिढी थकली की कपाट कुणाचे, हा प्रश्न येई.

२३/
कॅसेटच्या या लाटेत तोट्यात आलेली ग्रामोफोन कंपनी १९८५ च्या सुमारास ईएमआयकडून रमाप्रसाद गोएंका यांच्याकडे आली. टायरची सिएट, नंतर विजेची सीईएससी, आणि गाण्यांची ही कंपनी, असा त्यांचा संसार. पुढे दोन मुलांत वाटणी झाली तेव्हा सिएट हर्ष यांच्याकडे, सीईएससी व गाणी संजीव यांच्याकडे गेली. त्यामुळे ताडाळीची वीज आणि सुधीर फडक्यांचा आवाज एका छताखाली आले. संगीताच्या तर्काने याचे स्पष्टीकरण शोधू नये. हे कुटुंबातील वाटपाचे गणित आहे.

२४/
२००० मध्ये कंपनीने ‘सारेगामा’ हे नाव घेतले. आवरणावरचा कुत्रा हळूहळू दिसेनासा झाला. तिकडे विलायतेत मूळ मालकाची दैना झाली. ईएमआय १९७९ मध्ये थॉर्न या विद्युत उपकरणांच्या कंपनीकडे गेली, १९९६ मध्ये सुटी झाली, २००७ मध्ये टेरा फर्मा या गुंतवणूकदार संस्थेने कर्ज काढून ती घेतली, २०११ मध्ये ते कर्ज देणाऱ्या सिटीग्रुप बँकेने ती ताब्यात घेतली आणि २०१२ मध्ये तिचा ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय युनिव्हर्सलला गेला. पॉलिडोर ऑफ इंडियाचा वारसाही, मधली नावे पालटत, युनिव्हर्सलकडेच पोहोचलेला. गोएंकांनी १९८५ मध्ये खरेदी केली नसती तर एच. एम. व्ही. आणि पॉलिडोर हे दोन्ही हाडवैरी आज बहुधा एकाच परदेशी मालकाच्या घरात असते.

२५/
जुन्या ध्वनिमुद्रणांचे मोल मधल्या काळात कुणालाच नीट आकळले नव्हते. २०१७ मध्ये सारेगामाने ‘कारवाँ’ आणले : जुन्या रेडिओसारखा दिसणारा, आत पाच हजार गाणी भरलेला खोका, मराठी आवृत्तीही आली. नवे गाणे न करता केवळ कपाटातील माल पुन्हा विकून कंपनी सावरली. आता दाबयंत्र नको, फीतही एका अर्थाने नको. हवा तो जुन्या सहीचा कागद. मालकीचा हा तिसरा अर्थ. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क विकून टाकता येणार नाही असा केला, गायकांच्या हक्कांनाही बळ दिले. पण १९५० किंवा १९६० च्या दशकात एकरकमी घेऊन सही केलेल्या कलावंतांपैकी ते पाहायला किती जण उरले होते?

२६/
चंद्रपूर–गडचिरोलीकडे या दृष्टीने पाहिले की एक पोकळी दिसते. झाडीपट्टी रंगभूमी ही हंगामात रात्ररात्र चालणारी, वडसा-देसाईगंजला कंपन्यांची कार्यालये असणारी, तिकिटावर जगणारी व्यावसायिक रंगभूमी आहे. धान घरात आले की शंकरपटाच्या निमित्ताने गावोगाव प्रयोग लागतात आणि नाटकात गाणे असतेच. दंडार, खडी गंमत यांची परंपरा तिच्याही आधीची. मुंबईच्या संगीत नाटकांची पदे १९०० च्या दशकापासून तबकडीवर जात राहिली. झाडीपट्टीला मोठ्या लेबलांनी दार उघडले नाही. तिची गाणी प्रेक्षकांच्या स्मरणात, पेटीवाल्याच्या वहीत आणि आता मोबाइलवर काढलेल्या चित्रफितींत आहेत. यूट्यूबवर ती चढवणारा वाहिनीचा मालक असतो. गाणारा आणि रचणारा यांच्याशी त्याचा लेखी करार असेलच असे नाही. १९३५ मध्ये जो कागद वाचल्याशिवाय सही होई, तो येथे लिहिलाच जात नाही.

२७/
कायद्याचा हिशेब आता पाहू. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. १९९२ पूर्वी ही मुदत पन्नास होती. यावरून यंग इंडियाच्या सर्व तबकड्यांवरील ध्वनिमुद्रणाचा हक्क २०१५ अखेर संपलेला आहे. खाँसाहेबांच्या ओडियन तबकड्या, ‘शीळ’ची पहिली तबकडी यांचेही तेच. २०२६ संपेल तेव्हा १९६६ साली प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणे मोकळी होतील, आणि मग दर वर्षी एकेक वर्ष. शब्द आणि चाल यांची मुदत मात्र निराळी : रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित. एकाच तबकडीतील आवाज सर्वांचा आणि शब्द वारसांचे, अशी स्थिती पुढील काही वर्षे वारंवार दिसेल.

२८/
हक्क संपला म्हणून आवाज हाती येतो, असे मात्र नाही. कायदा कंपनीला कपाट उघडायला भाग पाडत नाही. जिच्याकडे मूळ फीत आहे ती कंपनी स्वच्छ प्रत विकत राहते; ज्या कंपनीचे दिवाळे निघाले तिची फीत किंवा साचा शोधायचा कुठे? यंग इंडियाच्या ज्या तबकड्या आज ऐकता येतात, त्या मुख्यतः खासगी संग्राहकांनी मुंबईच्या चोरबाजारातून, पुण्याच्या जुन्या बाजारातून, वाड्यांच्या माळ्यांवरून उचललेल्या आहेत. १९९० मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने अशा तबकड्यांच्या क्रमांकांच्या याद्या केल्या, म्हणून त्या लेबलवर काय काय निघाले होते ते निदान कळते. विदर्भातील जुन्या घरांत, विशेषतः ज्या घरी कधीकाळी कर्णा होता तेथे, लाल-काळ्या कागदाच्या पाकिटांत या तबकड्या अजून सापडतात. त्या लाखेच्या आहेत. उन्हात वाकतात आणि पडल्या की फुटतात.